वाचकांचे प्रश्न : व्होटसाठी सगळ्या ग्रुपवर लिंक टाकू का?

या वेळच्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत. आपल्याकडे ठाण्यात, नवी मुंबईत आता प्रत्येक नोडमध्ये, प्रत्येक कॉम्प्लेक्समध्ये कुणी ना कुणी चांगलं काम उभं करतंय, कुणी ओल्या कचऱ्याचं खत, कुणी जुन्या साड्यांच्या पिशव्या, कुणी अभ्यासिका, कुणी आजारी माणसांसाठी डबे, आणि या सगळ्यांना लागणारी माणसं मात्र तीच. तेच सोसायटीचे सेक्रेटरी, त्याच सकाळी चालायला येणाऱ्या काकू, तेच दुकानदार. मग ओढाताण होते, मन दुखावतं, कधी कधी चांगली कामं एकमेकांना पाडतात. मी स्वतः बरीच वर्षं बचत गटांबरोबर काम करतेय त्यामुळे हे सगळं जवळून बघितलंय, म्हणून उत्तरं लांबली आहेत.

ताई, आमचा ऐरोलीत १२ बायकांचा गट आहे. जुन्या साड्या, चादरी गोळा करून कापडी पिशव्या शिवतो आणि भाजीवाल्यांना, दुकानांना देतो. एका कंपनीच्या फाउंडेशनने ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या सामाजिक उद्योगांसाठी स्पर्धा ठेवलीये, बक्षीस ३ लाख. शेवटच्या पाचात आम्ही आहोत. आता १५ दिवस ऑनलाइन व्होटिंग आहे, त्यातले ६ दिवस गेले. आम्हाला ४०० च्या आसपास व्होट आणि पहिल्या नंबरच्या ग्रुपला ६ हजार. ते घोडबंदरला सोसायट्यांमध्ये खत करतात पण त्यांचे व्होट दिल्ली-बंगलोरहून येतायत. परवा एका माणसाचा फोन आला की पैसे द्या, हजार व्होट मारून देतो. गटातल्या तिघी म्हणतात घेऊया, सगळेच घेतात. मला रात्रीची झोप लागत नाही. व्होटसाठी सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकू का? काय करू? – एक वाचक, ऐरोली

पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला फोनवर थोडक्यात सांगितलं होतं, इथे सगळ्यांसाठी नीट लिहिते.

व्होट विकत घेऊ नका. तुमचं पत्र वाचताना माझ्या डोळ्यासमोर तुमच्या गटाची वही आली. महिन्याच्या मीटिंगला ती मोठ्याने वाचता ना? जमा इतके, खर्च इतके, दोरा, सुया, मशीनचं तेल, रिक्षा. त्यात हा खर्च कुठल्या नावाने लिहिणार? प्रचार म्हणून लिहिलात तरी बारापैकी नऊ जणींना ते नक्की काय होतं हे माहीत नसेल, आणि ज्या तिघींना माहीत असेल त्या पुढे कधीतरी भांडणात नेमकं तेच बाहेर काढतील. मी आजवर तीन गट फुटताना बघितलेत आणि तिन्ही वहीत न लिहिलेल्या पैशावरून फुटले. ३ लाख मिळाले काय किंवा नाही मिळाले काय, गट राहिला पाहिजे.

आता माझा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी आमचा वर्तकनगरचा गटही अशाच एका स्पर्धेत उतरला होता, काम तुमच्यासारखंच, पिशव्या आणि गोधड्या. तेव्हाही मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी यायचा, मग व्होट. गटातल्या निम्म्या जणींकडे साधे फोन, म्हणजे ज्यांच्यासाठी स्पर्धा त्यांनाच व्होट देता येईना. आमच्यातली एक जण चार घरी धुणीभांडी करते, ती म्हणाली मी माझ्या घरांमधून आणते व्होट. पोरीचा फोन घेऊन गेली आणि पहिल्याच घरी आजींना म्हणाली, आजी तुमच्या मोबाईलवर एक नंबर येईल तेवढा मला सांगा. आजी इतक्या घाबरल्या की त्यांनी वॉचमनलाच वर बोलावलं. त्यांची तरी काय चूक, बँकवाले, पोलीस सगळे घसा फोडून सांगतायत की ओटीपी कुणाला देऊ नका. पण हिची नऊ वर्षांची नोकरी त्या घरातली, लिफ्टजवळ उभी राहून रडली बिचारी. संध्याकाळी मी तिच्याबरोबर गेले, आजींना सगळं समजावलं, बरोबर नेलेली पिशवी त्यांच्या हातात दिली. आजींनी ती उलटी केली, आतली शिवण बोटाने चाचपली, दोन्ही बंद धरून जोरात ओढून बघितले आणि म्हणाल्या, अगं ही तर पाच किलो तांदूळ पेलेल, कितीला देता?

त्या स्पर्धेत आम्ही शेवटून दुसरे आलो. पण आजींच्या मुलाचं किराणा दुकान आहे, तो तेव्हापासून दर महिन्याला पिशव्या घेतोय, लॉकडाऊनचे महिने सोडले तर एक महिना चुकला नाही. आणि त्याच्याकडे बघून शेजारच्या डेअरीवाल्याने सुरू केलं.

म्हणून मला मनापासून वाटतं की व्होट मागायला ज्या दारात जाल तिथे पिशवी घेऊन जा आणि व्होटच्या आधी पिशवीबद्दल बोला. ज्याने पिशवी हातात धरली त्याचाच व्होट मागायचा असं ठरवा. लिंक दोनशे ग्रुपवर फिरवून जे व्होट येतात ती माणसं तुम्हाला पुन्हा कधी भेटणार नाहीत, त्यांना ऐरोलीचा बाजार कुठे भरतो तेसुद्धा माहीत नाही. तुमच्याकडे आज ४०० व्होट आहेत ना, त्यातले ओळखीचे किती ते बसून मोजा. अडीचशे निघाले तरी केवढी मोठी गोष्ट आहे! अडीचशे घरांना महिन्याला एक पिशवी विकली तर गटाचं काय होईल याचा हिशोब एकदा वहीच्या मागच्या पानावर करून बघा.

ही व्होटिंगची पद्धत काही आपल्याकडेच आली असं नाही. अमेरिकेत २०१० मध्ये पेप्सीने फार मोठ्या प्रमाणावर केली होती, त्या वर्षी त्यांनी सुपर बोल नावाच्या तिथल्या सगळ्यात मोठ्या मॅचमधल्या जाहिराती सोडल्या आणि २ कोटी डॉलर लोकांच्या व्होटिंगवर सामाजिक कामांना वाटायचं जाहीर केलं. कल्पना चांगली होती, कितीतरी छोट्या कामांना पैसे मिळालेही. पण तिथेसुद्धा पैसे घेऊन व्होट जमवून देणारे मधले लोक आले, तक्रारी पेपरात छापून आल्या, आणि २०१२ मध्ये तो उपक्रम बंद झाला. तुम्हाला फोन करणारा माणूस त्याच जातीचा धंदा करतोय.

माझी खरी तक्रार स्पर्धा ठेवणाऱ्यांकडे आहे. ज्यांना स्थानिक लोकांचा पाठिंबा बघायचाय त्यांनी एक दिवस बाजारात येऊन अर्धा तास बसावं, पेटी ठेवावी, कागदावर शिक्का मारून घ्यावा. पुण्यात २००६ पासून महापालिकेच्या बजेटमध्ये नागरिक आपल्या भागातली कामं सुचवतात, त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन फॉर्म भरता येतो, म्हणजे तिथे तुमचा पत्ता लागतो, तुम्ही त्या भागातले असावे लागता. इथे एवढं तरी करता येईल. तुम्ही आयोजकांना एक साधा मेल टाका, रागाने नको, आणि विचारा की ४००७०८ आणि आजूबाजूच्या पिनकोडचे व्होट वेगळे मोजणार का, परीक्षक काम बघायला प्रत्यक्ष येणार का, आणि व्होट विकणाऱ्यांचे फोन येतायत याची त्यांना कल्पना आहे का. त्या माणसाचा नंबरही द्या. हा मेल बाकीच्या चारही ग्रुपना दाखवून मग पाठवलात तर जास्त चांगलं, कारण त्यांनाही असे फोन गेले असणारच.

आणि हो, त्या घोडबंदरच्या ग्रुपला फोन कराच. ते खत विकत असतील तर ते कशात भरून देतात? बहुतेक प्लास्टिकच्या पिशवीत. तुमच्याकडे १२ शिवणाऱ्या आहेत. मला माहितीये आत्ता त्यांचं नाव काढलं तरी गटात सगळ्यांच्या कपाळावर आठ्या येतील, पण स्पर्धा ९ दिवसांत संपेल आणि खत दर महिन्याला निघत राहील.

आमची मानपाड्याला १८० फ्लॅटची सोसायटी आहे, मी सेक्रेटरी. ओल्या कचऱ्यासाठी दोन ग्रुप मागे लागलेत. एक इंजिनिअर मुलांचा, त्यांच्याकडे फिरता ड्रम आहे, प्रेझेंटेशन एकदम झकास. दुसरा कचरा वेचणाऱ्या बायकांचा, त्या विटांच्या हौदात खत करतात आणि पैसेही कमी सांगतात. दोघांनाही आमचं सपोर्ट लेटर पाहिजे कारण ते दाखवून कंपनीकडून सीएसआरचे, म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला ठेवलेले पैसे मिळतात, आणि दोघांचंही म्हणणं की दुसऱ्याला देऊ नका. सोसायटीच्या ग्रुपवर रोज रात्री भांडणं. पोल घेऊ का? – एक सेक्रेटरी, घोडबंदर रोड

पोल नका घेऊ. पोलवर अंगठा दाबणारा माणूस आणि सकाळी दोन डबे वेगळे भरणारा माणूस एकाच घरात असला तरी बहुतेक वेळा एकच नसतो, हे तुम्हालाही माहितीये. तुमच्या ग्रुपवर रात्री भांडणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरचा कचरा आज वेगळा होऊन खाली येतो ते आधी हाउसकीपिंगच्या मुलाला विचारा, त्याला एका मिनिटात सांगता येईल.

हे काम तुम्हाला आज ना उद्या करावंच लागणार आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून दिवसाला १०० किलोच्या वर कचरा निघणाऱ्या मोठ्या सोसायट्यांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायची जबाबदारी आलीये. तेव्हा कुणाला तरी घ्यायचंच आहे, प्रश्न फक्त कुणाला आणि कसं.

दोघांना घ्या, तीन महिने, वेगवेगळ्या विंगमध्ये. आणि हे तीन महिने पावसाळ्यातले धरा. उन्हाळ्यात कुणीही चांगलं खत करून दाखवतो, खरी परीक्षा जुलैत असते. पाऊस पडला की सुका पाला मिळत नाही, ओला कचरा आणखी ओला होतो, हवा खेळत नाही आणि मग तो वास येतो ज्याच्यावरून पहिल्या मजल्यावरचे लोक कमिटीला शिव्या घालतात. म्हणून दोघांना आत्ताच विचारा की पावसाळ्यासाठी सुका पाला, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा चुरा किंवा लाकडाचा भुसा किती पोती साठवून ठेवलाय आणि कुठे ठेवलाय. ज्याच्याकडे पोती दाखवायला आहेत त्याला काम कळतं. ड्रम आहे का हौद आहे याने एवढा फरक पडत नाही हो, मी लाखो रुपयांचं मशीन गॅरेजमध्ये धूळ खात पडलेलं बघितलंय आणि साध्या जाळीच्या टोपल्यांत सोन्यासारखं खत झालेलंही बघितलंय.

दुसरं म्हणजे रोज वजन करून वहीत लिहायला लावा, ओला किती आला, त्यातून प्लास्टिक वगैरे किती काढलं, खत किती निघालं. वही गेटवर वॉचमनच्या टेबलावर, कुणीही उघडून बघावी अशी. रविवारी कोण येतं, गणपतीत कोण येतं, दिवाळीच्या आठवड्यात फुलांचा आणि फराळाचा डोंगर असतो तेव्हा कोण येतं हे त्या वहीतच दिसेल. आणि पहिलं खत तयार झालं की कमिटीतल्या सगळ्यांनी मूठभर हातात घ्या. पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास यायला पाहिजे, हाताला गरम लागता कामा नये, आणि त्यात कांद्याची सालं ओळखू येता कामा नयेत. अंड्याची टरफलं दिसली तर चालतील, ती लवकर जिरत नाहीत.

कचरा वेचणाऱ्या बायकांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण प्रेझेंटेशनमध्ये त्या हरणार हे मला इथे बसून दिसतंय. त्यांना स्लाइड करता येत नाहीत पण कचरा त्यांच्याइतका कुणाला कळत नाही. मुंबईत स्त्रीमुक्ती संघटनेने १९९८ मध्ये परिसर विकास नावाने अशाच बायकांबरोबर काम सुरू केलं, त्यांना खत करण्याचं शिक्षण दिलं, त्यातल्या कितीतरी जणी आज सोसायट्यांचे, कंपन्यांचे खतप्रकल्प सांभाळतात. पुण्यात २००८ पासून स्वच्छ ही कचरा वेचणाऱ्यांचीच सहकारी संस्था महापालिकेबरोबर करार करून घरोघरचा कचरा उचलते आणि प्रत्येक घर त्यांना महिन्याचे पैसे देतं. मला हा पाठिंबा फार महत्त्वाचा वाटतो, दर महिन्याला दारात थोडेसे पैसे आणि वेगळा केलेला डबा. तुमच्या सोसायटीनेही सीएसआरचे पैसे येतील तेव्हा येतील, आपल्या मेंटेनन्समधून थोडी रक्कम आधी सुरू करावी. मुलांच्या ग्रुपला मी कमी लेखत नाहीये, त्यांच्यात उत्साह आहे आणि ड्रम बंद पडला तर तो दुरुस्त करायचं डोकं आहे. तीन महिन्यांनी कदाचित ड्रम मुलांचा आणि रोजचं काम बायकांचं असंही ठरेल, तशी दोन ठिकाणं मी बघितलीयत.

सपोर्ट लेटर आज कुणालाच देऊ नका. तीन महिन्यांनी जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहून द्या, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतका कचरा घेतला, इतके दिवस खाडा झाला, इतकं खत दिलं. दोघांनी चांगलं केलं तर दोघांना द्या. दुसऱ्याला देऊ नका ही अट मात्र कुठल्याही परिस्थितीत मान्य करू नका, सोसायटी त्यांची जहागीर नाही.

मी कळव्याला एक गाळा भाड्याने घेऊन अभ्यासिका चालवतो, ९ हजार भाडं, ३० मुलं, स्पर्धा परीक्षेची. प्रत्येकी ३०० घेतो म्हणजे फक्त भाडं निघतं, लाइटबिल मी नोकरीतून भरतो. आता पाच मिनिटांवर दुसरी अभ्यासिका सुरू झाली, फुकट, एका स्थानिक नेत्याच्या मदतीने. माझी १४ मुलं तिकडे गेली. माझ्याकडेही एकजण बोर्ड लावायला तयार आहे, पैसे देतो म्हणतो. घेऊ का बंद करू? – वय २५, कळवा

अरे, बंद कशाला करतोस! १६ मुलं पाच मिनिटांवर फुकट सोय असताना तुझ्याकडे पैसे देऊन थांबलीयत, आधी त्यांना चहा पाज आणि विचार की तुम्ही का थांबलात. मला अंदाज आहे, कुणी म्हणेल इथे शांतता आहे, कुणी म्हणेल रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, मुली म्हणतील इथलं बाथरूम स्वच्छ आहे आणि तू दाराशी असतोस म्हणून घरचे पाठवतात. जे उत्तर येईल ते तुझं काम आहे, तेच आणखी नीट कर. आणि त्या दुसऱ्या अभ्यासिकेत स्वतः जा, चालवणाऱ्या मुलाला भेट, तो काही तुझा शत्रू नाही. त्याच्याकडे दिवसा गर्दी असेल तर तू रात्रीची वेळ धर, शिफ्टला जाणारी कितीतरी मुलं रात्री जागा शोधत असतात. पुस्तकं अर्धी त्याने घ्यावीत अर्धी तू, दोघांनी एकच सेट दोनदा घेण्यात काय अर्थ आहे?

बोर्डाबद्दल. नगरसेवकाची, आमदाराची मदत घेणं वाईट असं मी म्हणत नाही, लोकांनी निवडून दिलेली माणसं आहेत आणि अशा कामाला मदत करणं त्यांचं कामच आहे. पण एका माणसाचा मोठा बोर्ड लागला की बाकीचे मदत करणारे हात काढून घेतात, त्यांना वाटतं आता यांचं झालं. शिवाय आचारसंहिता लागली की तो बोर्ड झाकावा लागतो आणि निवडणूक झाली की मदत चालू राहील याची खात्री कुणी देत नाही. त्यापेक्षा हिशोब बघ. ९ हजार भाडं भागिले ३० खुर्च्या, एका खुर्चीचे महिन्याचे ३०० रुपये. कळव्यात, खारेगावात असे १४ दुकानदार, डॉक्टर, शिक्षक, नोकरीला लागलेले जुने विद्यार्थी शोध जे वर्षभर एका खुर्चीचे पैसे देतील. प्रत्येकाचं नाव एकाच आकाराच्या अक्षरात दारावर, त्या नेत्याला द्यायचं असेल तर त्यानेही त्याच यादीत एक खुर्ची घ्यावी, आनंदाने घे. आणि दर तीन महिन्यांनी त्या १४ जणांना बोलावून मुलांच्या शेजारी पाच मिनिटं बसव. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते, समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था आणि महापालिका मिळून चालवतात, सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी. वेळ काढून एकदा बघून ये, पुलाखालच्या जागेत काय काय उभं करता येतं ते बघितलंस की तुझा गाळा तुला केवढा मोठा वाटेल बघ.

खारघरला आम्ही मैत्रिणी मिळून एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना डबे पोचवतो. देणग्या माझ्या जीपेवर येतात. आता दुसऱ्या एका ग्रुपने विचारलं की तुमचं रजिस्ट्रेशन कुठे आहे, आणि लोकांमध्ये कुजबूज सुरू झाली. ट्रस्ट करू का कंपनी? – एक वाचक, खारघर

कुजबूज कुणी सुरू केली याचा विचार सोडा, प्रश्न बरोबर आहे. आधी आजच्या आज दोघी-तिघींच्या नावाने वेगळं बँक खातं उघडा, तुमच्या पगाराच्या खात्यात देणग्या येऊ देऊ नका, पुढे इन्कम टॅक्सला एकेक एन्ट्री समजावत बसावं लागेल. जुना सगळा हिशोब कागदावर काढा आणि ज्यांनी ज्यांनी दिलेत त्यांना पाठवा, मागितला नसला तरी.

नोंदणीचे रस्ते तीन. ट्रस्ट किंवा संस्था केलीत तर धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या कायद्याखाली नोंद होते, संस्थेला किमान ७ सभासद लागतात. सेक्शन ८ कंपनी ही २०१३ च्या कंपनी कायद्यातली, नफा वाटून न घेणारी कंपनी, तिचं कागदोपत्री काम जास्त आणि सीएचा खर्चही जास्त. तुमच्यासारख्या डब्यांच्या कामाला मी ट्रस्ट म्हणेन. लोक १२ए आणि ८०जी म्हणतात ते नंतर इन्कम टॅक्सकडून घ्यायचं, १२ए मुळे संस्थेला आणि ८०जी मुळे देणगीदाराला टॅक्समध्ये सूट मिळते. सीएसआरसाठी मात्र लगेच धावू नका, तिथे साधारण संस्थेला त्याच प्रकारच्या कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, सीएसआर-१ फॉर्म भरावा लागतो. नोंदणी होईपर्यंत मोठ्या देणग्या गोळा करायच्याच असतील तर गणपती मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१क ची परवानगी घेतात, तुम्हालाही तिथे विचारता येईल.

आणि देणगीशिवाय चालेल का याचाही एकदा विचार करा. ज्या ज्येष्ठांना परवडतं त्यांच्याकडून डब्याचे पैसे घ्या, त्यांना ते आवडेलही, फुकट खाण्याचं ओझं वाटतं बऱ्याच जणांना. लिज्जत पापड १९५९ मध्ये गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं आणि पहिल्यापासून ठरवलं की तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही. तुमचं काम वेगळं आहे, सगळ्यांकडून पैसे घेता येणार नाहीत, पण दहातले सहा डबे विकत आणि चार देणगीतून असं झालं तर रात्री शांत झोप लागेल.

मी निवृत्त शिक्षक, वय ७१, नौपाड्यात राहतो. या महिन्यात पाच संस्थांची मुलं देणगी मागायला आली. सगळीच चांगली वाटतात, काही माझे जुने विद्यार्थीच आहेत. पेन्शन मर्यादित आहे. कुणाला देऊ आणि बाकीच्यांना नाही कसं म्हणू?

सर, पाचांना पाचशे पाचशे देण्यापेक्षा एकालाच वर्षभर दर महिन्याला २०० द्या. छोट्या संस्थेला महिन्याला नक्की येणार असलेले २०० रुपये फार मोठा आधार असतो, त्यावर एखाद्या मुलीचा बसचा पास ठरतो. कुणाला द्यायचं ते एकदा त्यांच्या कामाच्या जागी जाऊन ठरवा, तुम्ही इतकी वर्षं वर्गावर घालवलीत, दारात पाय टाकल्यावर पाच मिनिटांत कळेल तुम्हाला. रोख २ हजारांच्या वर देऊ नका, त्यावर टॅक्सची सूट मिळत नाही, आणि पावतीवर तुमचा पॅन नीट लिहिलाय का बघा, कारण संस्थेला ती देणगी इन्कम टॅक्सकडे तुमच्या पॅनसकट कळवावी लागते. बाकीच्या चौघांना स्पष्ट सांगा की या वर्षी माझं ठरलंय, पुढच्या दिवाळीनंतर या. जुने विद्यार्थी आहेत, रागावणार नाहीत, आणि रागावले तरी कान धरायचा तुमचा हक्क आहेच.

सर, अजून एक विचारू का? वर्तकनगरच्या आमच्या गटात तिघी आहेत ज्यांना पिशव्यांचं बिल लिहायला शिकायचंय. बेरीज येते पण तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, नग, दर हे रकान्यात लिहायला हात कापतो, आणि मी शिकवायला बसले की त्या लाजतात, आम्ही फार वर्षं एकत्र आहोत म्हणून असेल. तुम्ही शिकवायला याल का? दर बुधवारी दुपारी ४ ते ५, बालवाडीच्या खोलीत. पंखा आहे, फळा आहे, खडू आम्ही आणू. तुमचा नंबर संपादकांकडे आहे, मी मंगळवारी फोन करते.